व्हर्जन ‘सहा’, पण कशाचं सहा? ऑफिसातल्या सॉफ्टवेअरचे आकडे वाचण्याची आणि सांभाळण्याची पद्धत

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे एक अडते आहेत. त्यांच्या दुकानातले कॉम्प्युटर, प्रिंटर आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. एका महिन्याच्या १९ तारखेला संध्याकाळी तिथल्या अकाउंटंट ताईंचा फोन आला. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं विवरणपत्र भरायचं होतं आणि सॉफ्टवेअरमधली ‘कंपनी’, म्हणजे दुकानाच्या हिशेबाचा डेटाच, उघडत नव्हती.

“सर, सीएंकडून पेनड्राइव्ह आला, त्यातला डेटा टाकला, आता कंपनी यादीत दिसतच नाही.”

“तुमच्याकडे व्हर्जन कोणतं आहे?”

“सहा.”

सीएंच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या मुलानंही सांगितलं, “सहा.” दोन्हीकडे सहाच आहे म्हटल्यावर मी व्हर्जनचा विषय सोडून दिला. पुढचा दीड तास फोल्डरचा पाथ, अँटिव्हायरस, पेनड्राइव्ह असं एकेक तपासण्यात गेला. शेवटी गाडी काढून दुकानात गेलो आणि स्क्रीन पाहिल्याबरोबर उलगडा झाला. दोन्हीकडे हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅलीच, पण दुकानात जुन्या टॅली.ईआरपी ९ चा रिलीज ६.६.३ होता, सीएंकडे नव्या टॅलीप्राइमचा रिलीज ६.०. दोघंही खरंच बोलत होते. चुकलो मी, कारण “कशाचं सहा?” हे मी विचारलंच नाही. ताईंनी पेनड्राइव्हवरचं फोल्डर जुन्या फोल्डरवरच पेस्ट केलं होतं, त्यामुळे मूळ डेटाही गेला होता. चार दिवसांपूर्वीचा बॅकअप मिळाला. मधल्या चार दिवसांच्या पट्ट्या आणि पावत्या रात्री बारापर्यंत बसून ताईंनी पुन्हा भरल्या. मी शेजारी बसून वाचून दाखवत होतो.

तेव्हापासून मी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे एक पद्धत लावली आहे. ती इथे पायरीपायरीनं लिहितो. दुकानदार, अकाउंटंट, सीएंकडचे आर्टिकल्स म्हणजे शिकाऊ मुलं, छोट्या कारखान्यातला ‘कॉम्प्युटर बघणारा’ माणूस, यांच्यापैकी कुणालाही ती वापरता येईल. उदाहरणं बरीचशी टॅलीची आहेत, कारण आपल्याकडे रोजचा संबंध तिच्याशीच येतो.

आधी एवढं समजून घ्या: तो टिंब दशांशाचा नाही

व्हर्जनच्या आकड्यात टिंब दिसला की आपण तो शाळेतल्या दशांश अपूर्णांकासारखा वाचतो. मग १.१० म्हणजे १.१ असं वाटतं, आणि १.९ त्याहून मोठं वाटतं. प्रत्यक्षात १.९ च्या नंतर १.१० येतं, मग १.११. टिंब फक्त दोन आकडे वेगळे ठेवण्यासाठी असतो.

ज्यांच्या घरात सातबारा आहे त्यांना हे एका वाक्यात कळतं. गट नंबर ४५/१ आणि ४५/१० हे एक नव्हेत. ४५/१० हा पंचेचाळीसचा दहावा हिस्सा, आणि ४५/९ नंतर तो येतो. व्हर्जनचा टिंब म्हणजे सातबाऱ्यावरची ती तिरकी रेघ. वाचतानाही ‘एक पॉइंट दहा’ असंच म्हणावं, ‘एक पॉइंट एक शून्य’ नको.

आता तीन आकडे असले तर प्रत्येकाचं काम काय? प्रोग्रॅमर मंडळींमध्ये सिमँटिक व्हर्जनिंग नावाचा एक संकेत रूढ आहे. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी तो लिहून काढला. त्यानुसार पहिला आकडा बदलला की जुन्याशी जुळणार नाही असा मोठा बदल झाला, दुसरा बदलला की जुनं न मोडता नवी सोय आली, तिसरा बदलला की फक्त चुका दुरुस्त झाल्या. आपल्या पुस्तकांच्या भाषेत सांगायचं तर तिसरा आकडा म्हणजे मुद्रणदोष काढून केलेलं पुनर्मुद्रण, दुसरा म्हणजे नवं परिशिष्ट जोडलेली आवृत्ती, आणि पहिला म्हणजे प्रकरणांची मांडणीच बदलून टाकलेली सुधारित आवृत्ती. तिच्यात जुना पान नंबर शोधून उपयोग नसतो.

हा संकेत पाळायचं बंधन मात्र कुणावर नाही, आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं २०११ मध्ये २.६.३९ नंतर थेट ३.० झालं. त्यात मोडतोड करणारं काही नव्हतं, आकडे फार लांबत चालले म्हणून तिचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते सुटसुटीत केले. उलट काही कंपन्या मोठा बदल दुसऱ्या आकड्यात दडवतात. त्यामुळे आकड्यावरून अंदाज बांधा, निर्णय मात्र सोबतची रिलीज नोट, म्हणजे काय बदललं ते सांगणारं टिपण, वाचूनच घ्या.

पायरी १: पूर्ण नाव स्क्रीनवरून उतरवा

‘सहा’ हे उत्तर झालं नाही. पूर्ण नावात निदान चार गोष्टी हव्यात: उत्पादनाचं नाव, त्याचा प्रकार म्हणजे एडिशन, रिलीजचा आकडा, आणि असेल तर बिल्ड नंबर. आठवणीतून सांगू नका, डब्यावरून किंवा बिलावरून तर मुळीच नको. बिल विकत घेतलं त्या दिवशीचं असतं, सॉफ्टवेअर त्यानंतर चार वेळा बदललेलं असतं.

टॅलीपासून सुरू करू, कारण तिथे एकाच आकड्याला तीन-तीन अर्थ आहेत. व्हॅटच्या काळात लोकांकडे टॅली ७.२ असायची. पुढे टॅली ९ आली. २००९ मध्ये टॅली.ईआरपी ९ आली. त्यातला ९ हा उत्पादनाच्या नावाचाच भाग, आणि रिलीजचे आकडे वेगळे चालायचे. २०१७ मध्ये जीएसटी आला तो रिलीज ६ च्या मालिकेत. म्हणजे एकाच स्क्रीनवर ‘९’ आणि ‘६’ दोन्ही. कुणी नऊ सांगायचं, कुणी सहा, आणि दोन्ही बरोबर. मग नोव्हेंबर २०२० मध्ये टॅलीप्राइम आली आणि आकडे पुन्हा १.० पासून सुरू झाले. ईआरपी ९ चं ६.६.३ हे जुनं, आणि टॅलीप्राइमचं १.० हे त्याच्या पुढचं. नुसता आकडा पाहिला तर माणूस सहावरून एकवर ‘खाली’ यायला तयार होत नाही. अशा दोघा-तिघांना समजावताना माझी दमछाक झाली आहे, आणि त्यांची शंका अगदी रास्त होती.

२०२२ मध्ये २.१ पासून आणखी एक फाटा फुटला: टॅलीप्राइम आणि टॅलीप्राइम एडिट लॉग. रिलीजचा आकडा दोन्हींचा एकच असतो. फरक असा, की साध्या टॅलीप्राइममध्ये एडिट लॉग, म्हणजे नोंदीत केलेल्या बदलांची नोंदवही, चालू-बंद करता येतो, एडिट लॉगवाल्या प्रकारात तो बंदच करता येत नाही. कंपनी कायद्याच्या नियमांनुसार १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर ऑडिटरला “आमच्याकडे ५.१ आहे” एवढं सांगून भागत नाही. कोणतं ५.१, हाच त्यांचा खरा प्रश्न असतो.

टॅलीप्राइममध्ये एफ१ दाबून हेल्पमध्ये ‘अबाउट’ उघडा. तिथे उत्पादनाचं नाव, रिलीज, लायसन्सचा प्रकार, टीएसएसची (टॅलीच्या अपडेट-सेवेच्या वर्गणीची) माहिती एकत्र दिसते. त्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा. लिहून घेताना ‘एडिट लॉग’ हे दोन शब्द हमखास गळतात, फोटोत ते गळत नाहीत.

विंडोजसाठी विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत ‘विनव्हर’ हा शब्द इंग्रजीत टाइप करा, म्हणजे डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर. छोटी खिडकी उघडेल. तिच्यात ‘२२एच२’ असं काही दिसलं तर ते २०२२ सालच्या दुसऱ्या सहामाहीचं. इथे खाचखळगा असा, की २२एच२ विंडोज १० चंही आहे आणि विंडोज ११ चंही. त्याच खिडकीतला बिल्ड नंबर पाहा: १९०४५ असेल तर दहा, २२६२१ असेल तर अकरा. साधारण २२००० च्या पुढचा बिल्ड म्हणजे विंडोज ११. काही जुनी सॉफ्टवेअर विंडोज ११ वरही ‘१०.०’ असंच दाखवतात, कारण आतून तो आकडा बदललेलाच नाही. घाबरू नका, बिल्ड पाहा.

मे २०२० मध्ये आलेल्या विंडोज १० च्या एका अपडेटचं नाव तर ‘व्हर्जन २००४’ होतं. २० म्हणजे साल, ०४ म्हणजे एप्रिल. आपल्या मशीनवर २००४ सालचं विंडोज चालतंय असं समजून माणसं हादरली होती. त्याच्या पुढच्या अपडेटपासून २०एच२ ही पद्धत आली.

एक्सेलमध्ये ‘फाइल’, मग ‘अकाउंट’, मग ‘अबाउट एक्सेल’. इथला गोंधळ जरा खोल आहे. ऑफिस २००७ चा आतला आकडा १२, २०१० चा १४, तेरा वगळलाच, २०१३ चा १५. आणि मग २०१६, २०१९, २०२१, २०२४ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ या सगळ्यांचा आतला आकडा एकच: १६. याचा त्रास कसा होतो ते सांगतो. सीएंनी ३६५ वर एक शीट बनवली, त्यात एक्सलुकअप हे यादीतून माहिती शोधून आणणारं फंक्शन वापरलं. गिऱ्हाइकाकडे ऑफिस २०१९. शीट उघडली तेव्हा आकडे बरोबर दिसले, कारण ते साठवलेले होते. एका सेलमध्ये बदल केला, हिशेब पुन्हा झाला, आणि ओळीच्या ओळी ‘नेम’च्या एररनं भरल्या. एक्सलुकअप २०२१ आणि ३६५ मध्ये आहे, २०१६ आणि २०१९ मध्ये नाही. दोन्हीकडे ‘१६.०’ पाहून समाधान मानलं असतं तर हे कधीच सापडलं नसतं. म्हणून ऑफिसच्या बाबतीत सालही लिहा. ३६५ असेल तर त्याचा चार आकडी व्हर्जन लिहा. २४०८ म्हणजे ऑगस्ट २०२४.

विंडोज १०, ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ या तिन्हींची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. हे आकडे तुमच्या स्क्रीनवर दिसले तर रजिस्टरमध्ये त्यांच्यापुढे लाल शाईनं खूण करा.

टेंडर भरणारे आणि डिजिटल सही वापरणारे यांना जावा या सोबत लागणाऱ्या सॉफ्टवेअरची अडचण येते. सूचनेत लिहिलेलं असतं ‘जावा ८’, आणि मशीन दाखवतं ‘१.८.०’. दोन्ही एकच. जावाच्या जुन्या पद्धतीत पुढे कायम ‘१.’ असायचं, नऊपासून ते गेलं. याच घोळात चालू असलेलं जावा काढून टाकून दुसरंच बसवणारे मी पाहिले आहेत.

पायरी २: एक रजिस्टर ठेवा, आणि त्यातला रकाना ‘टेक्स्ट’ करा

मोठी यंत्रणा नको. एक वही किंवा एक एक्सेल शीट पुरते. प्रत्येक मशीनसाठी एक ओळ: मशीन कुठे आहे, सॉफ्टवेअरचं पूर्ण नाव, रिलीज, बिल्ड, लायसन्स किंवा टीएसएस कधी संपतं, शेवटचा अपडेट कोणत्या तारखेला आणि कुणी केला. शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. “आपोआप झालं” हे उत्तर रजिस्टरमध्ये चालत नाही. आपोआप झालं असेल तर ज्याच्या डोळ्यांदेखत झालं त्याचं नाव लिहा.

एक्सेलमध्ये ठेवणार असाल तर ही खबरदारी घ्या. सेलमध्ये ६.१० लिहून एंटर दाबा. एक्सेल त्याचं ६.१ करून टाकतं, कारण त्याला तो दशांश वाटतो. तुमच्या नोंदीतली दहावी दुरुस्ती गेली आणि पहिली उरली, तीही गुपचूप. ३-१ असं लिहिलंत तर तारीख होऊन बसते. म्हणून आकडे भरायच्या आधी तो पूर्ण रकाना निवडा, राइट क्लिक करून फॉरमॅट सेल्समध्ये ‘टेक्स्ट’ करा, मग भरा. आधी भरून नंतर टेक्स्ट केलं तर गेलेलं शून्य परत येत नाही. एखाददुसरा सेल असेल तर आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह टाकलं तरी चालतं.

टेक्स्ट केलेला रकाना चढत्या क्रमानं लावू नका. त्या क्रमात १.१० हे १.९ च्या आधी येईल. क्रम हवाच असेल तर अपडेटच्या तारखेवर लावा.

पायरी ३: डेटा कुठे कुठे जातो ते कागदावर काढा

ही पायरी सगळ्यांत जास्त वेळ द्यावा अशी आहे, आणि बहुतेक ठिकाणी हीच वगळली जाते.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा नवा रिलीज जेव्हा डेटा साठवण्याचा साचा बदलतो, तेव्हा तो जुना डेटा स्वतःच्या साच्यात आणून घेतो. याला मायग्रेशन म्हणतात. नवा जुन्याला ओळखतो, जुना नव्याला ओळखत नाही. टॅलीप्राइमचा रिलीज ३.० आला तेव्हा असंच झालं: २.१ किंवा त्याआधीचा डेटा ३.० मध्ये आणता आला, पण ३.० मध्ये आलेला डेटा परत २.१ मध्ये उघडत नाही. घाटातल्या एकेरी रस्त्यासारखं आहे हे, वर गेलेली गाडी त्याच वाटेनं खाली येऊ शकत नाही.

आता एक कागद घ्या आणि तुमचा डेटा ज्या ज्या ठिकाणी उघडतो ती ठिकाणं लिहा. दुकानाचं काउंटर. अकाउंटंटचं मशीन. मालकांच्या घरचा लॅपटॉप. गोडाऊन. सीएंचं ऑफिस. पार्ट-टाइम अकाउंटंट असेल तर त्यांचं स्वतःचं मशीन. प्रत्येक ठिकाणासमोर रजिस्टरमधलं पूर्ण नाव लिहा आणि डेटा एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो तिथे बाण काढा. बाण एकाच दिशेनं असेल, म्हणजे डेटा फक्त जातो आणि परत येत नाही, तर पुढच्याकडे नवा रिलीज असला तरी अडत नाही. बाण दोन्ही बाजूंना असेल तर दोन्हीकडे अगदी तेच उत्पादन आणि तोच रिलीज हवा. लॅनवर, म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कवर, तीन-चार मशीन एकच डेटा उघडत असतील तर ती सगळी एकाच दिवशी, एकाच बैठकीत अपडेट करायची. एक आज, दुसरं सोमवारी, असं नाही.

सीएंकडून डेटा परत घेण्याबद्दल माझं मत ठाम आहे: घेऊ नका. वर्षअखेरीच्या दुरुस्त्यांची त्यांच्याकडून यादी मागवा. तारीख, व्हाउचरचा प्रकार, दोन्ही लेजर, रक्कम आणि नॅरेशन. दहा-पंधरा नोंदी असतात, अर्ध्या तासात आपल्याकडे भरून होतात. अकाउंटंटला त्या निमित्तानं कळतंही की कुठे काय चुकलं होतं. फोल्डर परत घेतलं की दरम्यान दुकानात झालेल्या नोंदींचं काय करायचं हा दुसरा प्रश्न उभा राहतो, व्हर्जन जुळलं तरीही.

आणि पेनड्राइव्हवरून आलेलं फोल्डर कधीही जुन्यावर पेस्ट करू नका. त्याला वेगळी जागा, वेगळं नाव, नावात तारीख. ‘रिप्लेस करू का?’ असं विंडोजनं विचारलं की हात थांबला पाहिजे. ताईंच्या चार दिवसांच्या पट्ट्या त्याच एका ‘हो’मध्ये गेल्या होत्या.

पायरी ४: अपडेटच्या आधीचा तास

नवा रिलीज आल्याची पट्टी स्क्रीनवर दिसली म्हणून लगेच बटण दाबायचं नाही. जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास, मार्चअखेरीला, सौदे जोरात असताना तर नाहीच. आठवड्यातला मंद दिवस निवडा आणि पुढचे दोन दिवस मोकळे आहेत याची खात्री करा.

रिलीज नोट उघडून तीन गोष्टी शोधा. डेटा मायग्रेट होणार आहे का? लायसन्सची काही अट आहे का? जुन्या अडचणींपैकी तुमची एखादी त्यात सुटलेली आहे का? टॅलीच्या नव्या रिलीजवर जायला टीएसएस चालू असावं लागतं. ते संपलेलं असताना अपडेटचा खटाटोप केला की लायसन्सचा घोळ पदरी येतो. बिलाचा खास फॉरमॅट, बारदानाचा हिशेब, हमाली-तोलाईची आपोआप वजावट असं काही टीडीएल, म्हणजे टॅलीला जोडायचा खास प्रोग्रॅम, लिहून घेतलेलं असेल तर ज्यांनी लिहिलं त्यांना आधी विचारा की ते नव्या रिलीजवर तपासलंय का. अपडेटनंतर बिल छापायला घेतलं आणि हमालीची ओळच गायब, हे मी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे.

मग बॅकअप. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून डेटाच्या मेनूतून बॅकअप घ्या, आणि शिवाय डेटाचं पूर्ण फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा. फोल्डरच्या नावात रिलीज लिहा: ‘प्राइम-४.१-अपडेटआधी’ आणि पुढे तारीख. नुसती तारीख पुरत नाही. सहा महिन्यांनी तो बॅकअप उघडायला कोणता रिलीज लागेल हे तेव्हा कुणालाच आठवणार नाही. जुन्या रिलीजची इन्स्टॉल करायची फाइलही त्याच फोल्डरशेजारी ठेवा.

आता पाच आकडे कागदावर लिहा. ट्रायल बॅलन्सची एकूण बेरीज. कॅश शिल्लक. बँकेची शिल्लक. स्टॉकची किंमत. शेवटच्या विक्री बिलाचा नंबर. त्यासोबत ‘स्टॅटिस्टिक्स’ रिपोर्ट काढा. तो स्टेटमेंट ऑफ अकाउंट्समध्ये असतो आणि कोणत्या प्रकारची किती व्हाउचर आहेत ते दाखवतो. त्याची प्रिंट घ्या.

पायरी ५: अपडेट, आणि लगेच पडताळणी

शक्य असेल तर नवा रिलीज आधी एका जास्तीच्या मशीनवर, डेटाच्या कॉपीवर चालवून पाहा. नसेल तर मुख्य मशीनवर करा, पण बाकी सगळ्यांना बाहेर पडायला सांगून. अपडेट झालं की पहिलं काम म्हणजे पुन्हा एफ१, अबाउट, फोटो. अपडेट ‘झालं’ असं वाटणं आणि स्क्रीनवर नवा आकडा दिसणं यांत फरक असतो. जुना शॉर्टकट डेस्कटॉपवर तसाच राहतो आणि माणसं जुनंच सॉफ्टवेअर उघडत राहतात, असंही होतं. तो शॉर्टकट काढून टाका.

मग कागदावरचे पाच आकडे जुळवा, व्हाउचरची संख्या जुळवा. एक रुपयाचा फरक असला तरी त्या दिवशी नवी नोंद करायची नाही. नवी नोंद झाली की मागे जायचा रस्ता अवघड होतो, कारण जुन्या बॅकअपमध्ये ती नसणार. सगळं जुळलं की एक विक्री बिल छापून पाहा, एक रिटर्नची फाइल बनवून पाहा. त्यानंतर रजिस्टरमधल्या ओळीवर काट मारा आणि खाली नवी ओळ लिहा. जुनी खोडू नका, ती पुढे कामाला येते.

जुळलं नाही तर अंदाजानं काही करू नका. स्क्रीनचा फोटो आणि आधीच्या पाच आकड्यांचा फोटो तुमच्या सर्व्हिसवाल्याला पाठवा. तोवर काम अडत असेल तर एका मशीनवर जुना रिलीज बसवून अपडेटआधीचा बॅकअप तिथे उघडा आणि दिवसभराची बिलं हातानं बिलबुकात लिहा.

सरकारी युटिलिटींबद्दल थोडं

टीडीएसचं विवरणपत्र भरणाऱ्यांना एफव्हीयू, म्हणजे फाइल तपासणारी युटिलिटी, माहीत आहे. तिच्या दोन मालिका कित्येक वर्षं शेजारी शेजारी चालत होत्या: २०१०-११ आणि पुढच्या आर्थिक वर्षांसाठी एक, जिचे आकडे ५, ६, ७, ८ असे चढत गेले, आणि २००७-०८ ते २००९-१० या वर्षांसाठी दुसरी, जी २ वरच राहून टिंबापुढे तीन आकडी वाढत गेली. तिथे मोठा आकडा म्हणजे नवा आणि छोटा म्हणजे टाकाऊ असं नव्हतं. दोन्ही चालू होत्या, फक्त कोणत्या वर्षाचं विवरणपत्र आहे त्यावर निवड व्हायची. म्हणून अशा युटिलिटीच्या बाबतीत आकड्याच्या आधी ‘कोणत्या वर्षासाठी’ हे वाचा. आणि दर तिमाहीला ती साइटवरून ताजी उतरवा. मागच्या वेळची डेस्कटॉपवर आहे म्हणून वापरली की फाइल अपलोड करताना परत येते, तीही शेवटच्या तारखेला.

मोठ्या कंपन्यांत काम करणाऱ्यांसाठी

पुण्यात, मुंबईत सॅप किंवा ओरॅकल अशा मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना हा लेख बाळबोध वाटेल, पण आकड्यांचा घोळ तिथेही तितकाच आहे. सॅपचं एस/४हाना सुरुवातीला साल आणि महिना मिळून ओळखलं जायचं: १५११, १६१०, १७०९, १८०९, १९०९. मग एकदम २०२०, आणि ते पूर्ण साल. १९०९ पाहिलेल्या माणसानं २०२० हे सालाचं वीस आणि विसावा महिना असं वाचायला गेलं तर त्याचा दोष नाही. ओरॅकल डेटाबेसमध्ये १२.२ नंतर १८सी आलं, १९सी आलं, आणि आकडा पाहून कित्येकांना सहा-सात मोठ्या उड्या झाल्यासारखं वाटलं. प्रत्यक्षात १८सी हे १२.२.०.२ होतं आणि १९सी हे १२.२.०.३. नाव सालावर गेलं, घराणं तेच राहिलं. बजेटच्या बैठकीत “आपण सात व्हर्जन मागे आहोत” असं कुणी म्हणालं तर हा तपशील समोर ठेवा.

पायरी ६: फोनवर कसं बोलायचं

हे वाक्य मी छापून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मॉनिटरखाली चिकटवलं आहे: ‘फोन करण्याआधी अबाउटचा फोटो पाठवा.’

फोटो शक्य नसेल तर चार प्रश्न याच क्रमानं विचारा. सॉफ्टवेअरचं नाव काय, पूर्ण वाचा. त्याच्यापुढे दुसरा एखादा शब्द आहे का, उदाहरणार्थ एडिट लॉग? रिलीजसमोर जे लिहिलंय ते टिंबासकट एकेक अक्षर वाचा. आणि डेटा शेवटचा कुठे उघडला होता? चौथा प्रश्न व्हर्जनचा वाटत नाही, पण अर्धी उत्तरं त्यातच असतात. “नवीन”, “लेटेस्ट”, “परवाच टाकलेलं”, “आधीचंच” हे शब्द उत्तर म्हणून घेऊ नका. समोरचा माणूस कामाच्या घाईत असतो, त्याच्यावर न चिडता परत विचारा.

तुम्ही स्वतः सॉफ्टवेअर विकत असाल तर

इचलकरंजीच्या यंत्रमागांसाठी, पतसंस्थांसाठी, मेडिकल दुकानांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे लहान व्यावसायिक आपल्याकडे खूप आहेत. त्यांना हात जोडून विनंती आहे. ‘फायनल’, ‘न्यू’, ‘फायनल-२’ अशी नावं देऊन फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. पद्धत कोणतीही घ्या, तीन आकड्यांची किंवा साल-महिन्याची, पण एकच घ्या आणि मध्येच बदलू नका. आकडा लॉगिनच्या स्क्रीनवरच दिसू द्या, तीन मेनूंच्या आत नको. एकदा पाठवलेल्या आकड्याच्या फाइलमध्ये परत दुरुस्ती करून तोच आकडा ठेवू नका. छोटीशी दुरुस्ती असली तरी शेवटचा आकडा एकानं वाढवा, नाहीतर दोन गिऱ्हाइकांकडे एकाच नावाची दोन वेगळी सॉफ्टवेअर होतात आणि फोनवर तुम्हालाच उलगडा होत नाही. मालिका नव्यानं एकपासून सुरू करायची असेल तर उत्पादनाचं नावही असं बदला की बोलताना दोन्ही एक वाटणार नाहीत.

आणि प्रत्येक रिलीजसोबत मराठीत चार ओळी पाठवा. त्यातली पहिली ओळ अशी असावी: ‘हा रिलीज टाकल्यावर डेटा आधीच्या रिलीजमध्ये उघडेल’ किंवा ‘उघडणार नाही’. बाकीच्या तीन ओळींत काय नवं आलं, काय दुरुस्त झालं आणि अडलं तर कुणाला फोन करायचा.